नाला रुंदीकरणाची नोटीस दारावर लागली आहे. सात दिवसांत नेमकं काय करायचं?

तुम्ही लिहिलंय त्याचा गोषवारा असा: मुंबईत नाल्याच्या काठावर दीडशेच्या आसपास घरं. नाला रुंद करायचा म्हणून महापालिकेने दारांवर नोटिसा चिकटवल्या आहेत, मुदत सात दिवस. तुमच्या खोलीचं वीजबिल १९९८ पासून वडिलांच्या नावावर येतं, वडील आता हयात नाहीत. शेजारची बरीच घरं २००० नंतर घेतलेली, काही भाड्याची. एक गृहस्थ स्टॅम्पपेपर घेऊन फिरतोय आणि ‘सह्या करा, खोली मिळवून देतो’ म्हणतोय. आणि प्रश्न एकच: कोर्टातून स्टे मिळेल का?

मिळेलही कदाचित. नोटीस कोणत्या कलमाखाली आहे, जमीन कुणाची आहे आणि तुम्ही कोणते कागद पुढे ठेवता यावर ते ठरेल. पण स्टे बहुतेक वेळा काही आठवड्यांचा असतो आणि नाल्याच्या कामात पुराचं कारण पुढे आलं की तो लवकर उठतो. म्हणून माझ्या मते प्रश्न वेगळा आहे: जेसीबी येण्याआधी तुमचं घर आणि तुमचं नाव सरकारी यादीत लागलेलं आहे का? घर पडलं की घरासोबत घराचा पुरावाही जातो. मोजमाप घ्यायला भिंत उरत नाही, दारावर रंगवलेला सर्व्हे नंबर उरत नाही, साक्ष देणारे शेजारी पांगतात. त्यानंतर ‘आम्ही इथे राहत होतो’ हे सिद्ध करायला वर्षं जातात. स्टे मागायचाच, पण तो हा पुरावा उभा करायला वेळ मिळावा म्हणून.

आधी नोटीस नीट वाचा. वरच्या कोपऱ्यात जावक क्रमांक आणि तारीख, पहिल्या ओळीत कायदा आणि कलम, खाली सहीखाली हुद्दा. या तीन गोष्टींवरून पुढचा रस्ता ठरतो. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ चं कलम ३५१ असेल तर ती कारणे दाखवा नोटीस आहे; बांधकाम अधिकृत कसं ते सात दिवसांत दाखवायचं असतं, आणि उत्तर विचारात घेऊन अधिकाऱ्याने आदेश काढायचा असतो. तिला शहर दिवाणी न्यायालयात आव्हान देता येतं. कलम ३१४ असेल तर प्रकरण कठीण. ते रस्ता, पदपथ यांवरचं अतिक्रमण हटवण्याचं कलम आहे आणि त्यात विनानोटीस हटवण्याची मुभा आहे. नगररचना कायद्याचं, म्हणजे १९६६ च्या एमआरटीपीचं कलम ५३ असेल तर मुदत आणि प्रक्रिया आणखी वेगळी. झोपडपट्टी अधिनियम, १९७१ खालची नोटीस असेल तर आधी त्याच कायद्यातलं अपील करायचं असतं आणि दिवाणी न्यायालयाचं दार कलम ४२ ने बंद असतं. जमीन रेल्वे, विमानतळ किंवा बंदराची असेल तर केंद्राचा सार्वजनिक जागा कायदा, १९७१ लागतो: इस्टेट ऑफिसरची नोटीस, त्याच्यासमोर सुनावणी, मग आदेश, आणि आदेशाविरुद्ध जिल्हा न्यायाधीशांकडे अपील करायला फक्त १२ दिवस.

लोक सरळ उच्च न्यायालयात धावतात, तिथे ‘आधी अपील करा’ म्हणून परत पाठवलं जातं, आणि तोवर अपिलाची मुदत टळलेली असते. ही चूक वारंवार होते. म्हणून वकिलाला पहिला प्रश्न हाच विचारा: या कलमाखाली अपील कुठे आणि किती दिवसांत?

नोटिशीवर कलमच नसेल, नाव ‘भोगवटादार’ एवढंच असेल किंवा दीडशे घरांना एकच झेरॉक्स लावलेली असेल, तर ती त्रुटी म्हणून लेखी मांडा. पण तेवढ्यावर विसंबू नका. त्रुटी दुरुस्त करून नवी नोटीस काढायला कार्यालयाला एक दिवस पुरतो.

आता एक गैरसमज. सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ ला बुलडोझर कारवायांबद्दल दिलेला निकाल सध्या प्रत्येक वस्तीच्या मोबाइलवर फिरतोय: किमान १५ दिवसांची नोटीस, नोंदणीकृत टपालाने आणि दारावर चिकटवून, वैयक्तिक सुनावणी, कारणांसह आदेश, आदेशानंतर आणखी १५ दिवस, पाडकामाचं चित्रीकरण. हे सगळं खरं आहे. पण त्याच निकालात अपवाद आहेत: रस्ता, पदपथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी किंवा जलाशय अशा सार्वजनिक ठिकाणची अनधिकृत बांधकामं, आणि जिथे न्यायालयाचाच पाडण्याचा आदेश आहे ती. तुमची वस्ती नाल्याकाठची आहे. पालिकेचा वकील पहिल्या मिनिटाला हा अपवाद वाचून दाखवेल. तुमच्या वकिलाकडे तेव्हा दुसरा मुद्दा तयार हवा. घरं प्रत्यक्ष प्रवाहात आहेत की काठापासून सहा मीटरवर, हे नकाशावर दाखवता आलं तर अपवाद लागू होतो की नाही यावरच वाद घालता येतो. विकास आराखड्यात नाल्याची रुंदी किती दाखवली आहे आणि प्रत्यक्ष किती घेतली जातेय, हा आकडा दीडशेपैकी पन्नास घरं वाचवू शकतो. तो नकाशा आधी मिळवा.

दुसरा आधार जुना आणि अजूनही भक्कम आहे: ओल्गा टेलिस खटल्याचा १९८५ चा निकाल. १९८१ च्या पावसाळ्यात मुंबईतल्या पदपथावरच्या लोकांना हटवण्यावरून तो खटला उभा राहिला. उपजीविकेचा हक्क अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्कात येतो, हे त्यात ठरलं. कलम ३१४ मध्ये विनानोटीस हटवण्याची मुभा असली तरी ती अपवादात्मक प्रसंगासाठी आहे आणि एरवी म्हणणं ऐकून घेतलंच पाहिजे, हेही ठरलं. मात्र पर्यायी जागा दिल्याशिवाय कुणालाच हलवता येणार नाही असं तो निकाल म्हणत नाही. याचिकेत तसं लिहून आपली विश्वासार्हता घालवू नका.

पर्यायी जागेचा हक्क येतो तो झोपडपट्टी अधिनियमातून आणि प्रकल्पाच्या पुनर्वसन धोरणातून. १ जानेवारी २००० पूर्वीची झोपडी आणि तिच्यात आज राहणारा माणूस यांना ‘संरक्षित झोपडीधारक’ म्हणून संरक्षण आहे. सार्वजनिक कामासाठी हलवता येतं, पण पुनर्वसन करून. १ जानेवारी २००० ते १ जानेवारी २०११ या काळातल्या झोपड्यांना पुनर्वसन सशुल्क आहे, झोपु (झोपडपट्टी पुनर्वसन) योजनेत ती रक्कम २०२३ मध्ये अडीच लाख रुपये ठरली. २०११ नंतरच्यांना कायमच्या घराचा हक्क या तरतुदींतून मिळत नाही, पण नोटीस आणि सुनावणीचा हक्क त्यांनाही आहे. प्रकल्पाला बाहेरचं कर्ज असेल तर निकष वेगळे असू शकतात: मुंबई नागरी परिवहन प्रकल्पात रुळांलगतच्या कुटुंबांसाठी प्रकल्पाच्या सर्वेक्षणातली नोंद हाच आधार धरला गेला होता. म्हणून नाल्याच्या कामाचा पैसा कुणाचा आहे आणि पुनर्वसनाचं कोणतं धोरण लागू आहे, हे लेखी विचारा.

पात्रतेत दोन गोष्टी वेगवेगळ्या सिद्ध कराव्या लागतात, आणि बहुतेक लोक इथेच अडकतात. एक, ती झोपडी त्या तारखेपूर्वी तिथे होती. दोन, तुम्ही आज तिथे राहता. १९९८ चं वीजबिल पहिली गोष्ट सांगतं, दुसरी नाही. तुमचं आधारकार्ड दुसरी सांगतं, पहिली नाही. आणि दोन्हींवरचा पत्ता एकाच खोलीचा आहे हे जुळायला हवं. जुन्या बिलावर ‘रूम नं. १४, नाल्याजवळ’ आणि नव्या आधारवर ‘१४/ब, अमुक चाळ समिती’ असेल, तर ती एकच खोली आहे हे दाखवणारा तिसरा कागद लागतो.

सगळ्यात वजनदार कागद म्हणजे २००० पूर्वीच्या मतदार यादीतली नोंद. छापील झेरॉक्स चालत नाही; मतदार नोंदणी कार्यालयातून प्रमाणित उतारा काढा, यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांकासह. मग फोटोपास (झोपडीधारकाला दिलेलं फोटोसह सरकारी ओळखपत्र), जुन्या झोपडी सर्वेक्षणाची पावती किंवा क्रमांक, पालिकेने घेतलेल्या सेवाशुल्काच्या पावत्या. वीज कंपनीकडून ‘या मीटरची जोडणी अमुक तारखेला दिली’ असं पत्र अर्ज करून मिळतं. वीस जुन्या बिलांपेक्षा ते एक पत्र जास्त उपयोगी पडतं, कारण बिलं फाटतात, शाई उडते. मुलांच्या जन्मदाखल्यावरचा पत्ता, शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, जुनी शिधापत्रिका, बँक किंवा टपाल खात्याचं पासबुक हे पूरक पुरावे. दुकान असेल तर त्या काळचा गुमास्ता परवाना.

वडिलांच्या नावावरचं घर तुमच्या नावाने पात्र होऊ शकतं. मृत्यूचा दाखला, वारसांची यादी असलेलं प्रतिज्ञापत्र आणि भावाबहिणींची ना हरकत एवढं लागतं. आई हयात असेल तर अर्ज तिच्या नावाने करणं मला अधिक सुरक्षित वाटतं. भावंडांचा वाद नंतर उभा राहिला तरी तिचं डोक्यावरचं छप्पर जात नाही. विवाहित जोडप्याला घर दोघांच्या नावाने मिळतं, त्यामुळे फॉर्मवर बायकोचं नाव राहून गेलेलं दिसलं तर तिथल्या तिथे भरून घ्या.

नाव अपात्र होण्याची नेहमीची कारणं सांगतो, म्हणजे आपापलं घर तपासता येईल. सर्वेक्षणाच्या दिवशी दाराला कुलूप होतं आणि यादीत ‘बंद’ असा शेरा पडला. नावाचं स्पेलिंग किंवा आडनाव दोन कागदांवर वेगळं. माळ्यावर किंवा वरच्या मजल्यावर राहणारं कुटुंब. झोपु योजनांमध्ये त्यांना वेगळं घर मिळत नाही, खालच्या खोलीचाच हिशेब होतो. खोली विकत घेतली पण खरेदीचा कागद साध्या स्टॅम्पवर, आणि मूळ मालकाचे जुने पुरावे ताब्यात घेतलेच नाहीत. शेवटचं कारण असेल तर आजच मूळ मालकाला शोधा. हस्तांतरित खोलीत त्याचे २००० पूर्वीचे कागद हाच तुमचा पाया असतो. भाडेकरूंचं दुखणं आणखी वेगळं आहे. मालक गावाहून येऊन सर्वेक्षणात उभा राहतो आणि वर्षानुवर्षं राहणारं कुटुंब कागदावरून नाहीसं होतं. प्रत्यक्ष राहणाऱ्यानेच सर्वेक्षकासमोर नाव द्यावं, आणि नोंद नाकारली तर त्याच दिवशी लेखी हरकत नोंदवावी. वस्तीने एकजुटीच्या नावाखाली भाडेकरूंना गप्प बसवू नये.

सात दिवसांतला पहिला दिवस याच कामाला द्या. प्रत्येक घरासाठी एक प्लास्टिकची पिशवी. तिच्यात मूळ कागद नव्हे, दोन-दोन झेरॉक्स. मूळ कागद वस्तीबाहेरच्या नातेवाइकाकडे. मग फोटो. दारावर चिकटवलेली नोटीस, त्याच चौकटीत खोली नंबर आणि दारात उभी राहिलेली घरातली माणसं असा एक फोटो. दुसरा मीटरचा, आकडे वाचता येतील असा. तिसरा आतून, ओटा, मोरी, माळा दिसेल असा. चौथा बाहेरून, शेजारच्या दोन्ही घरांसह. टेपने लांबी-रुंदी मोजून वहीत लिहा. मोबाइलमध्ये लोकेशन चालू ठेवून फोटो काढा आणि लगेच कुणाला तरी पाठवून ठेवा. मोबाइल गर्दीत हरवतात. दीडशे घरांचा एकच तक्ता करा: अनुक्रमांक, खोली नंबर, कुटुंबप्रमुख, माणसं किती, कधीपासून, कोणते पुरावे, लहान मुलं, गरोदर बाई, आजारी माणूस, अपंग माणूस. न्यायाधीशांसमोर चार पानांच्या भावनिक मजकुरापेक्षा हा तक्ता जास्त बोलतो.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नोटिशीचं उत्तर. प्रत्येक घराचं वेगळं, कारण पात्रता घरागणिक ठरते. सोबत वस्तीचं एक सामाईक पत्र. उत्तरात तीनच गोष्टी: आम्ही अमुक वर्षापासून इथे राहतो, पुरावे जोडले आहेत, आमची पात्रता ठरवून यादी जाहीर करा आणि वैयक्तिक सुनावणी द्या, तोवर कारवाई करू नका. वॉर्ड ऑफिसच्या आवक विभागात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेतल्याशिवाय हलू नका. टाळाटाळ झाली तर टपाल कार्यालयातून स्पीड पोस्टने आणि ईमेलने. एक प्रत सहायक आयुक्तांना, एक वसाहत अधिकाऱ्याला, एक पर्जन्य जलवाहिन्या विभागाला, कारण काम त्यांचं आहे आणि पात्रता वॉर्डात ठरते; दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात.

नोटीस स्वीकारल्याची सही करायला हरकत नाही. ‘मिळाली, मजकूर मान्य नाही’ असं लिहून तारीख टाका. घ्यायला नकार देऊन काही साधत नाही, पंचासमक्ष चिकटवली की ती बजावलीच गेली.

त्याच दिवशी माहिती अधिकाराचा अर्ज टाका, शुल्क १० रुपये: नाल्याच्या आखणीचा नकाशा, बाधित घरांची यादी, पात्रतेचे निकष, पर्यायी घरं कुठे आणि किती उपलब्ध आहेत. उत्तराला ३० दिवस लागतात, म्हणजे तुमच्या सात दिवसांत ते येणार नाही. मात्र ‘यादी मागितली होती, दिली नाही’ हे कोर्टात दाखवता येतं. अर्ज, तक्रार, निवेदन, नगरसेवकांचं पत्र यांपैकी कशानेही कारवाई आपोआप थांबत नाही, हे वस्तीत स्पष्ट सांगा. कॅव्हेटनेही, म्हणजे ‘आम्हाला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका’ या कोर्टातल्या अर्जानेही, थांबत नाही. लेखी आदेशच थांबवतो.

कोर्टासाठी चौथ्या दिवसापर्यंत वकील ठरलेला हवा. पैसे नसतील तर विधी सेवा प्राधिकरण आहे. १९८७ च्या कायद्याप्रमाणे महिलांना, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना आणि अपंगांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, हेल्पलाइन १५१००. घरटी एका बाईच्या नावाने अर्ज केला तर उत्पन्नाच्या दाखल्यासाठी रांगेत दिवस जात नाही. मागण्या पायरीपायरीने लिहायला सांगा: आधी पात्रता व सुनावणी होईपर्यंत कारवाईला मनाई, ते शक्य नसेल तर पात्र ठरणाऱ्यांना घराचा ताबा मिळाल्यावरच पाडकाम, आणि अपात्र ठरणाऱ्यांना निदान सामान हलवायला वेळ व तात्पुरता निवारा. फक्त ‘प्रकल्प रद्द करा’ मागितलं तर एका वाक्यात अर्ज फेटाळला जातो. महाराष्ट्रात १ जून ते ३० सप्टेंबर राहत्या झोपड्या न पाडण्याबद्दल शासन निर्णय आहे. तारीख पावसाळ्यातली असेल तर तो मुद्दा पहिल्या पानावर घ्या.

आता तो स्टॅम्पपेपरवाला. कोऱ्या कागदावर सही नाही, ‘स्वेच्छेने जागा सोडत आहे’ या वाक्याखाली तर अजिबात नाही. तो कागद उद्या पालिकेच्या किंवा विकासकाच्या उत्तरासोबत जोडला गेला की तुमची सुनावणीची मागणीच गळून पडते. मूळ फोटोपास किंवा शिधापत्रिका ‘तपासणीसाठी’ त्याच्याकडे देऊ नका. बाधितांची घरं दलाल वाटत नाहीत. ती सक्षम अधिकाऱ्याच्या यादीवरून आणि वाटपपत्रावरून मिळतात.

पर्यायी घर देऊ केलं तर आनंदाने हो म्हणण्याआधी जाऊन पाहा, शक्यतो दोनदा, एकदा संध्याकाळी. आजचं प्रमाण ३०० चौरस फूट चटई क्षेत्राचं आहे. जुन्या इमारतींमधलं घर २२५ किंवा २६९ चौरस फुटांचं निघू शकतं. लिफ्ट चालते का, पाणी किती वाजता आणि कितव्या मजल्यापर्यंत चढतं, देखभाल खर्च किती, आधीच्या रहिवाशांची थकबाकी आहे का हे तिथल्या बायकांना विचारा. मानखुर्दचं लल्लूभाई कंपाऊंड किंवा गोवंडीचं नटवर पारेख कंपाऊंड इथल्या इमारती इतक्या चिकटून आहेत की खालच्या मजल्यांवर ऊन-वारा पोचत नाही, आणि क्षयरोगाचं प्रमाण तिथे जास्त आढळलं आहे. माहुलला तेलशुद्धीकरण कारखान्यांशेजारी पाठवलेली तानसा जलवाहिनीलगतची कुटुंबं उच्च न्यायालयात गेली; २०१९ मध्ये न्यायालयाने दुसरीकडे सोय होईपर्यंत दरमहा १५,००० रुपये भाडं आणि ४५,००० रुपये अनामत द्यायला सांगितलं. म्हणजे राहण्यालायक नसलेली जागा नाकारता येते, पण नकार कारणांसह लेखी द्यावा लागतो. नुसतं न गेल्यास ‘घर दिलं, घेतलं नाही’ अशी नोंद होते. घरकामाला जाणाऱ्या बायकांच्या रोजच्या प्रवासाचं भाडं आणि वेळही त्या पत्रात आकड्यांत लिहा. उपजीविकेचा मुद्दा तिथेच येतो.

आणि कारवाई झालीच तर: माणसं आधी बाहेर, मग गॅस सिलिंडर, मग औषधं आणि दप्तरं. यंत्रापुढे आडवं पडू नका. सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हा नोंदला की पुढची वर्षं घराऐवजी जामिनासाठी धावण्यात जातात. अधिकाऱ्याचं नाव, हुद्दा, आदेशाची प्रत मागा, आणि आदेशातला घर क्रमांक तुमचाच आहे का ते पाहा. दोघंजण सलग चित्रीकरण करतील, बाकीचे सामान काढतील अशी वाटणी आदल्या रात्री ठरलेली असावी. पंचनाम्याची प्रत मागा, नाही दिली तर त्याच संध्याकाळी ‘मागितली, दिली नाही’ असं पत्र. स्टे मिळाला असेल तर त्याची प्रत प्रत्येक घराच्या दारावर आणि पोलीस ठाण्यात आधीच पोचलेली हवी. वकिलाच्या फोनवरच्या तोंडी निरोपावर कुणी यंत्र थांबवत नाही.

मुलांची शाळा मधेच सुटली तर शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे नव्या शाळेला दाखल्याची वाट पाहायला लावून प्रवेश नाकारता येत नाही. त्याच आठवड्यात नाव घाला. मतदार यादीतलं नाव आणि आधारवरचा पत्ता मात्र पात्रतेचा अंतिम निर्णय हातात येईपर्यंत बदलू नका. घाईने बदललेला पत्ता ‘हे कुटुंब इथे राहत नव्हतं’ म्हणून तुमच्याच विरुद्ध वापरला जातो. नोटिशीवरचं कलम आणि सहीखालचा हुद्दा इथे टाका, मग अपील कुणाकडे आणि मुदत किती ते नेमकं सांगता येईल.